केस वाळत नाहीत म्हणून कापायचे?

म्हाताऱ्या बाईच्या केसांबद्दल घरातल्या प्रत्येकाला मत असतं. तिचं स्वतःचं मत सगळ्यात शेवटी विचारतात, आणि तेही विचारलंच तर. सध्या आमच्या माहेरी हा विषय गाजतो आहे, म्हणून आज त्यावरच लिहिते. लेख थोडा यंत्राबद्दल आहे आणि थोडा माणसांबद्दल. ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल, पण शेवटचा जरूर वाचावा.

माझ्या वहिनी रत्नागिरीला मुलाकडे असतात. वय ७९. केस पांढरे झाले, विरळ झाले, पण लांबी अजून कमरेपर्यंत आहे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. हात खांद्याच्या वर जात नाही. हातात धरायचा ड्रायर वीस मिनिटं डोक्यावर धरून ठेवणं त्यांना शक्यच नाही. मग भाच्याने त्यांना हूड ड्रायर आणून दिला. पार्लरमध्ये असतो तसा, पण घरगुती, टेबलावर ठेवायचा. खुर्चीत बसायचं, टोपीसारखा तो घुमट डोक्यावर ओढून घ्यायचा, बटण दाबायचं, दोन्ही हात मोकळे. नवीन काही नाही त्यात. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतल्या अनेक घरांत असले टोपीवाले ड्रायर होते. ज्याचा हात वर जात नाही त्याच्यासाठी मात्र फार सोयीची वस्तू.

अडचण एकच. केस वाळायला सव्वा तास! तेवढा वेळ मान ताठ ठेवून बसायचं, डोकं तापवून घ्यायचं, आणि एवढं करून वेणी घालायला घ्यावी तर आतले केस ओलेच. जुलै महिन्यात ओल्या केसांची वेणी घातली की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, डोक्याला खाज सुटते. हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, जास्त वॉटचा घ्या. अमेरिकेतली भाची म्हणाली, मी इथून चांगला पाठवते. सूनबाई म्हणाली, "आई, आता केस कापूनच टाका ना." तिच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. वहिनींना न्हाऊ घालायचं, केस पुसायचे, ड्रायरखाली बसवायचं, गुंता काढायचा, वेणी घालायची, हे सगळं आठवड्यातून दोनदा तीच करते, आणि नोकरीही सांभाळते. तिच्या वेळेला किंमत आहे.

पण माझं म्हणणं असं, की या तीन सल्ल्यांपैकी एकानेही "केस वाळत का नाहीत?" हा प्रश्न विचारलेला नव्हता. कारण न शोधता एकदम उपायावर उडी मारायची ही आपली जुनी सवय आहे. यंत्र हळू चालतं तर मोठं यंत्र आणा, माणूस हळू चालतं तर त्याचं काम कमी करा!

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या शाळेत शिक्षक कायम कमी, त्यामुळे पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञानही बरीच वर्षं माझ्या गळ्यात पडलं. त्यातला बाष्पीभवनाचा धडा आठवतोय का? दोरीवरचे कपडे लवकर वाळायला चार गोष्टी लागतात. ऊन म्हणजे उष्णता, वारा, कोरडी हवा आणि कपडा पसरलेला असणं. दोरीवर धोतर चौघडी करून टाकलं तर कडक उन्हातही आतून ओलं राहतं. केसांना हेच चार नियम लागू आहेत. ड्रायरच्या बाबतीत मात्र आपल्याला त्यातला एकच आठवतो, उष्णता.

उष्णतेचा हिशोब करून बघू. न्हाऊन, टॉवेलने पुसून झाल्यावर केसांत समजा १०० ग्रॅम पाणी राहिलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० ग्रॅमला २ लाख ४० हजार ज्यूल. हजार वॉटचा ड्रायर सेकंदाला हजार ज्यूल देतो. भागाकार करा. २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं! ड्रायरची सगळी उष्णता पाण्याच्या कामी आली असती तर चार मिनिटांत केस वाळायला हवेत. तेवढं अर्थातच कधी होत नाही, बरीच उष्णता इकडेतिकडे जाते. पण चार मिनिटांच्या जागी पंचाहत्तर मिनिटं लागत असतील तर उष्णता कमी पडते आहे असं कसं म्हणायचं? ती पाण्यापर्यंत पोचत नाही, किंवा झालेली वाफ बाहेर पडत नाही. जास्त वॉटचा ड्रायर आणून यातलं काहीच सुटत नाही. उलट म्हातारपणी डोक्याची कातडी पातळ झालेली असते, मधुमेह असेल तर चटका लवकर कळतही नाही. त्यात आणखी उष्णता कशाला?

मी रत्नागिरीला चार दिवस राहायला गेले होते, तेव्हा भाच्याला बरोबर घेऊन एकेक गोष्ट तपासली. त्याला आत्याचा हा उद्योग गमतीचा वाटला, पण पोरगा इंजिनिअर आहे, थोड्या वेळाने तोच पुढे झाला.

पहिली गोष्ट वाऱ्याची. ड्रायरच्या मागच्या बाजूला हवा आत घेणारी जाळी असते. तिच्यावर धूळ, केस, टॉवेलची तुसं यांचा असा थर बसला होता की जाळी दिसतच नव्हती. शिवाय ड्रायर भिंतीला टेकवून ठेवलेला. हवा आत येणार कुठून? हवा कमी आली की आतली तार जास्त तापते, मग यंत्र जळू नये म्हणून आतली सुरक्षेची कळ तारेचा वीजपुरवठा तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. म्हणून वहिनींना कधी गरम तर कधी गार हवा लागायची, आणि घरच्यांना वाटायचं कॉईल गेली. प्लग काढून, जुन्या दातांच्या ब्रशने जाळी साफ केली. ड्रायर भिंतीपासून हातभर पुढे ओढला. पाच मिनिटांचं काम. ते महिन्यातून एकदा करायचं. मात्र प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ओल्या हाताने तर नाहीच.

दुसरी गोष्ट वाफेच्या वाटेची. गरम हवा वाया जाऊ नये म्हणून भाचा घुमटाच्या कडेने टॉवेल खोचत असे. हेतू चांगला, पण त्यामुळे वाफ आतच कोंडायची. आपल्याकडे पावसाळ्यात बाळाचे लंगोट कसे वाळवायचे? शेगडीवर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट पसरायचे. टोपलीच का, पातेलं का नाही? कारण टोपलीला भोकं असतात. खालून ऊब येते आणि ओल घेऊन वर निघून जाते. आपल्या आज्यांना बाष्पीभवनाचा धडा नव्हता, पण पातेलं पालथं घालायचं नाही एवढं नक्की कळत होतं. टॉवेल काढला, घुमट कपाळापासून दोन बोटं वर ठेवला.

तिसरी गोष्ट केस पसरण्याची. वहिनींचे सगळे केस डोक्यावर अंबाड्यासारखे गोळा करून वर घुमट ठेवला जाई. म्हणजे धोतराची चौघडीच. वरचा थर वाळून करकरीत, आतला ओला. आता केसांचे सात-आठ भाग करून मोठ्या, जाळीदार रोलरवर सैल गुंडाळतो. पंधरा मिनिटांनी ड्रायर बंद करून आतली बाजू बाहेर आणतो. न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल नीट निघालं नाही तर बटा एकमेकींना चिकटून राहतात, मग हवा आत शिरत नाही. तेल लावायचंच तर बोटभर, आणि धुताना पूर्ण काढायचं.

चौथी गोष्ट पाणी मुळातच कमी ठेवण्याची. जे पाणी कापडाने फुकट निघतं ते वाफेने का काढायचं? जाड टर्किश टॉवेलपेक्षा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती पातळाचा तुकडा पाणी चांगलं ओढतो. घासायचं नाही, दाबायचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी कापड आधी आणि नंतर तोललं. पहिल्या तुकड्याने ७० ग्रॅम पाणी घेतलं, दुसऱ्या कोरड्या तुकड्याने आणखी ३५. एवढं पाणी ड्रायरच्या वाट्याला गेलंच नाही.

राहिला पाऊस. सगळा दोष त्याच्यावर टाकतात, पण तो तेवढा दोषी नाही. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा ड्रायरमध्ये ५० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २५-२६ टक्क्यांवर येते. म्हणजे कोकणातल्या जुलैची हवासुद्धा केस वाळवायला पुरेशी कोरडी होते. पण न्हाणीघराला लागून असलेल्या, खिडक्या बंद केलेल्या खोलीत, जिथे दोरीवर घरातले सगळे ओले कपडे टांगलेत, तिथे ड्रायर लावला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतो. वहिनींची खुर्ची बाहेरच्या खोलीत आणली, दार उघडं ठेवलं.

आणि वीज. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर उष्णता तीन चतुर्थांशच उरते. जुना, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यात आणखी घट करतो, आणि प्लग तापत असेल तर तो धोकाच. ड्रायर आता थेट भिंतीतल्या प्लगला. अमेरिकेतल्या भाचीसाठी खास सूचना: बाई गं, तिकडचा ड्रायर पाठवू नकोस. तुमची वीज १२० व्होल्टची. ते यंत्र इथे सरळ लावलं तर जवळजवळ चौपट वीज ओढायला जाईल आणि जळेल. त्याला झेपणारा ट्रान्सफॉर्मर ड्रायरपेक्षा जड असतो!

आणखी एक छोटी गोष्ट. केस गरम असताना वाळलेत की नाही ते हाताला कळत नाही. दोन मिनिटं गार हवा लावावी, मग चाचपून बघावं. आणि पावसाळ्यात वाळलेल्या केसांतही वजनाच्या वीस टक्क्यांच्या आसपास पाणी राहतंच. उन्हाळ्यासारखे कडकडीत कोरडे होण्याची वाट बघत बसू नये.

सगळं करून वेळ किती लागला? पस्तीस मिनिटं, तेही मधल्या उष्णतेवर. नवा खर्च रोलरचा तेवढा.

आता माणसांबद्दल. लांब केस म्हणजे फार मोठी गोष्ट असं मला वाटत नाही. मी स्वतः साठी उलटली तेव्हाच केस कापले आणि मला ते आवडतात. कुणी आनंदाने कापत असेल तर कापावेत. पण मी इतिहास शिकवलाय. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. आजची सूनबाई काही तशी वागत नाही, तिची तुलना त्या काळाशी करणं अन्यायाचं होईल. पण दादा गेल्यानंतर, खांदा धरल्यानंतर, "आता कशाला हवेत केस?" हे वाक्य वहिनींच्या कानाला कसं लागत असेल, त्याचा विचार सोय बघणाऱ्यांनी करायला हवा. "आता कशाला?" हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला फार लवकर विचारला जातो. आज केस, उद्या बाहेरगावी जाणं, परवा भिशी.

मी वहिनींना सरळ विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या म्हणाल्या, "वन्सं, मला केस नको झाले की मी सांगेन. पण ड्रायर चालत नाही म्हणून नको."

मला हे म्हणणं पूर्ण पटलं. सूनबाईलाही पटलं, कारण तिची आठवड्याची तास-दीड तासाची खोटी वाचली. तोच पुरावा तिच्या दृष्टीने महत्त्वाचा होता, आणि त्यात काही वावगं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांची सोय करायची तर जी व्यक्ती ते काम करते तिचीही सोय झाली पाहिजे, नाहीतर ती सोय टिकत नाही.

तुमच्या घरी कुणी असं "वाळत नाही" म्हणत असेल तर आधी ड्रायरमागची जाळी बघा आणि कडेचा टॉवेल काढा. कात्री काही कुठे पळून जात नाही. काय फरक पडला ते मला जरूर कळवा, वहिनींना वाचून दाखवीन.