काचपट्टी पाहिल्याशिवाय स्टिरॉइड नको

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली. पंधरा दिवसांचा ताप, रात्री पाय दुखणे, किंचित लंगडणे. यंत्राच्या अहवालात हिमोग्लोबिन ९.२, प्लेटलेट १ लाख ३० हजार, श्वेत पेशी ६,८०० आणि त्यांपैकी लिम्फोसाइट ७४ टक्के. ‘या वयात लिम्फोसाइट अधिक असतातच’, असे मी स्वतःलाच समजावले, संधिवाताचे निदान केले आणि प्रेडनिसोलोन सुरू केले. दोन दिवसांत वेदना थांबल्या. आईवडिलांनी माझे आभार मानले. पाच आठवड्यांनी ती परत आली तेव्हा अंगावर लाल ठिपके होते आणि प्लेटलेट १८ हजारांवर उतरल्या होत्या. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया! आधीच दिलेल्या स्टिरॉइडमुळे रोगाची मूळ जोखीम ठरविता येईना. परिणामी तिला अधिक कडक उपचार सोसावे लागले. ती बरी झाली, याचे श्रेय मला नाही.

पहिल्या दिवसाची काचपट्टी मी नंतर मागवून पाहिली. उत्तर तिच्यावरच होते. यंत्राने ज्यांना लिम्फोसाइट म्हणून मोजले होते, त्यांत अनेक ब्लास्ट होते. लहान आकाराचा लिम्फोब्लास्ट यंत्राला फसवू शकतो. यंत्राने संशयाची खूण केली नाही म्हणजे ब्लास्ट नाहीत, असे समजणे धोक्याचे आहे.

मग सामान्य आणि विकृत पेशी ओळखायची कशी? विषाणूजन्य तापातील उत्तेजित लिम्फोसाइटही मोठी आणि भीतिदायक दिसते. परंतु तिचे पेशीद्रव्य भरपूर व निळसर असते, शेजारच्या तांबड्या पेशींना ते बिलगते आणि केंद्रकातील क्रोमॅटिन बऱ्याच अंशी गोळाबद्ध असते. ब्लास्टमध्ये केंद्रक जवळजवळ सारी पेशी व्यापते, क्रोमॅटिन मऊ व बारीक असते, न्यूक्लिओलस दिसू शकतो. ऑअर दंड दिसला, तर ती पेशी मायलॉइड वंशाची, यात शंका उरत नाही. मात्र एकट्या पेशीवरून निवाडा करू नये. संपूर्ण समुदाय पाहावा. विषाणूच्या काचपट्टीवर जत्रेची गर्दी असते, लहानमोठे, नाना तऱ्हेचे चेहरे. ल्युकेमियाच्या काचपट्टीवर एकाच गणवेशातील पलटण दिसते.

हे तत्त्व फ्लो सायटोमेट्रीतही टिकते. मुलांच्या सावरणाऱ्या अस्थिमज्जेत हेमॅटोगोन नावाच्या निरोगी पूर्वपेशी असतात. सीडी १० आणि सीडी १९ त्यांच्यावरही आढळतात, आणि रूपाने त्या ब्लास्टसारख्याच असतात. परंतु त्यांच्यात परिपक्वतेच्या सर्व पायऱ्या क्रमाने दिसतात. ल्युकेमियाच्या पेशी एकाच पायरीवर थबकलेल्या असतात.

फ्लो सायटोमेट्री उपलब्ध असताना काचपट्टीचा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे : ती तपासणी संशय आल्यावरच केली जाते, आणि तो संशय बहुधा काचपट्टीवर जन्म घेतो. विल्यम लेशमन यांनी १९०१ साली सिद्ध केलेल्या रंजकाने ती आजही अल्प खर्चात, तासाभरात तयार होते. त्यातही सावधगिरी हवी. एकूण पेशी कमी असल्या, तर रक्तात ब्लास्ट तुरळकच असतात, कधी नसतातही. म्हणून काचपट्टी निर्दोष दिसली तरी लक्षणे आणि रक्तातील घट यांचा मेळ बसत नसेल, तर अस्थिमज्जा तपासावीच लागते.

यात दोष केवळ प्रयोगशाळेचा नाही. आपण मागणीपत्रावर ‘सीबीसी’ एवढीच अक्षरे लिहितो. ताप, हाडदुखी, यकृत-प्लीहावृद्धी, गाठी यांपैकी काहीच कळविले नाही, तर विकृतितज्ज्ञाने हजारो काचपट्ट्यांतून नेमकी हीच पट्टी बारकाईने का पाहावी?

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, दीर्घ ताप वा हाडदुखी असलेल्या मुलाच्या हिमोग्लोबिन, प्लेटलेट वा न्यूट्रोफिल यांपैकी काहीही घटलेले असेल, तर जाणत्या नजरेने काचपट्टी पाहिली जाईपर्यंत स्टिरॉइडला हात लावू नये. आणि आपल्या मंडळाला एक विनंती : मासिक सभेत व्याख्यानाबरोबर एक सूक्ष्मदर्शक आणि चार काचपट्ट्याही मांडाव्यात. पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर त्या नळीतून डोकावणे आपल्यापैकी बहुतेकांनी सोडले आहे. मीही सोडले होते. त्याची किंमत एका चार वर्षांच्या मुलीने चुकविली.