पेठची मुले दिवाळीनंतर कोठे जातात?



पेठ तालुक्यात पाऊस धो धो कोसळतो आणि दमणगंगा व पार या नद्यांच्या खोऱ्यांतून समुद्राला जाऊन मिळतो. भात, नागली, वरई घरात आली की जमिनीला दुसरे पीक देण्याचे सामर्थ्य फार थोड्या ठिकाणी उरते. मग कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे सावळघाट ओलांडून दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांत कामास जातात. बागांचे काम ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत चालते. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात भरते. आईबाप बागेत, तर धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली आठ वर्षांची मुलगी बांधावर. तिचे नाव मात्र पाड्यावरील शाळेच्या पटावर शाबूत असते. कागदोपत्री ती शिकतच असते!

‘या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे वाक्य आपणांस नवीन आहे काय? एके काळी हेच आपल्या आजोबांविषयी बोलले जात होते. ज्या घराला सहा महिने पोटासाठी गाव सोडावे लागते, त्या घराची गोडी मोजावयाची कोणत्या मापाने?

घटना समितीत 23 नोव्हेंबर 1948 रोजी सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा झाली. हे कलम प्राथमिक शिक्षणापुरतेच ठेवावे अशी सूचना आली असता बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामास लावावयाचे नाही असे घटनाच सांगत असेल, तर तोवर त्याला शाळेतच ठेवले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. घटनेच्या 45 व्या कलमाने हे कार्य दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, साधण्याचा प्रयत्न करावयाचा होता. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरण्यास 2002 ची 86 वी घटनादुरुस्ती यावी लागली, आणि त्याचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

त्या कायद्यात पेठच्या मुलांसाठी काही नाही, असे समजू नका. कलम 9 अन्वये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. कलम 5 प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून कलम 14 प्रमाणे, आणि वर्ष निम्मे सरले म्हणून कलम 15 प्रमाणे, मुलाला परत पाठविता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून त्याची विशेष तयारी करून घ्यावी, असे कलम 4 सांगते. यातील प्रत्येक कलम जणू द्राक्षबागेच्या बांधावर उभे राहूनच लिहिले आहे. बरे, पाड्यावरची शाळा व बागेजवळची शाळा या बहुधा एकाच नाशिक जिल्हा परिषदेच्या असतात. ज्या कार्यालयाला एका शाळेतून मूल गेल्याचे कळते, त्याच कार्यालयाला दुसऱ्या गावात ते आल्याचे कळू नये, ही गोष्ट माझ्या वकिली बुद्धीला तरी पटत नाही. शिक्षण हमी कार्डे निघाली, हंगामी वसतिगृहांची योजनाही झाली. पण आजीआजोबांच्या भरवशावर मूल मागे ठेवण्याची सोय प्रत्येक घराला नसते.

या कामी रड कोणाच्याही उपयोगी पडत नाही, आग्रह पडतो. आमच्याच जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात, दरेवाडी येथे, 2022 साली शाळा बंद झाली तेव्हा मुले शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली: शाळा द्या, नाहीतर वळावयास शेळ्या द्या! शाळा पुन्हा सुरू झाली.

आपणांपैकी कित्येकांची घरे दिंडोरी व निफाडच्या गावांत आहेत. मुले ज्या शाळेत जातात, तिच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात व दुर्बल घटकांच्या पालकांना तेथे प्रमाणशीर स्थान असते. आपण त्या समितीत असाल, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: गावच्या बागांत किती मुले आली आहेत व त्यांतील किती पटावर आहेत? बागेतील आईबापांशी आपण होऊन बोला. मुलांना घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बागाईतदार अडवू लागला, तर 2016 च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीस ठेवणे गुन्हा आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

नकार आला तर कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावरील अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे चालते. तक्रारीच्या निर्णयास कायद्याने तीन महिन्यांची मुदत दिली आहे. तीन महिने म्हणजे बागेचा निम्मा हंगाम. यास्तव अर्ज कुटुंब उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात गेला पाहिजे, आणि त्यावर मुलाच्या पेठकडील शाळेचे नाव लिहावयास विसरू नका.