निवांत बसण्याची जागा

नांदेड काय आणि लातूर काय, दिवेलागणीनंतर चार मित्रांनी एकत्र जमून घटकाभर निवांत बसावे आणि गप्पांच्या ओघात कानांवर गाणेही पडावे अशी इच्छा धरली, तर बहुधा परमिट रूमचेच दार त्यांना उघडे सापडते. आणि तेथे जुन्या चित्रपटगीतांच्या साथीने रंगणाऱ्या त्या बैठकीला केवळ व्यसनाचे निमित्त मानणे मला अन्यायाचे वाटते. पेल्याचे मोल मोजून ही माणसे वास्तविक बसण्याची मुभाच विकत घेतात, कारण ती मुभा बिनमोल देणारी जागा गावात क्वचितच उरली आहे. लातूर पॅटर्न म्हणून गाजलेल्या परीक्षा-तयारीच्या ओढीने परगावाहून आलेल्या कोवळ्या मुलामुलींना तर खोली आणि अभ्यासिका यांपलीकडे सायंकाळच नाही, ही गोष्ट मला विशेष टोचते.

या मुलखाला संगीताची बैठक परकी नाही. १९३५ साली नांदेडात जन्मलेल्या पंडित नाथराव नेरळकरांचे आरंभीचे शिक्षण याच गावात अण्णासाहेब गुंजकरांकडे झाले. आणि नांदेडच्याच सचखंड हजूर साहिब गुरुद्वारात आजही रागी नित्यनेमाने कीर्तन करतात, ज्याच्या मूळ ग्रंथाची मांडणीच ३१ रागांच्या क्रमाने झालेली आहे. तेथे तिकीट नाही, निमंत्रण नाही, श्रोत्याची जात कोणी विचारीत नाही. रोज येऊन बसणाऱ्या सामान्य माणसाचा कान त्या सहवासात आपोआप घडत जातो, आणि कान घडण्यास नित्य सहवासावाचून दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. म्हणूनच नांदेडच्या संगीत शंकर दरबारासारख्या वार्षिक महोत्सवाविषयी मनःपूर्वक आदर असूनही, वर्षातील दोन-तीन रात्रींनी उरलेल्या सायंकाळींची उणीव भरून निघते, असे म्हणवत नाही.

नांदेडच्या शंकरराव चव्हाण प्रेक्षागृहासारखे भव्य सभागृह अशा नियमित बैठकीसाठी हवे असेही नाही. चाळीस माणसे मावतील अशी एखादी खोली, सतरंजी, संवादिनी, तबला आणि चहा एवढे पुरे आहे. ध्वनिक्षेपकाची गरज नसल्यामुळे रात्री दहाच्या मर्यादेचा आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींचा प्रश्नही फारसा उद्भवत नाही. दोन्ही महापालिकांनी आपल्या दप्तरी पडून असलेल्या समाजमंदिरांपैकी प्रत्येक प्रभागात एक, आठवड्यातील एका सायंकाळी, नाममात्र भाड्याने मोहल्ल्यातील मंडळींच्या हवाली करावे; गाणारे गावातच आहेत, संगीतशिक्षक आहेत, भजनी मंडळे आहेत, कव्वालीचे शौकीनही आहेत, आणि त्यांतील पहिले नाव कोणाचे लावायचे ते त्या त्या मोहल्ल्यानेच ठरवावे.