भिंतीवरचा डोळा



परवा सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. 'नाव छापू नका' असं तिने दोनदा लिहिलंय, तेव्हा नाव नाही!

झालं असं. पहिल्या पावसात सोसायटीच्या आवारात मुलं भिजत होती. ही धावता धावता गेटपाशी घसरली, ती थेट डबक्यात! वॉचमनकाका गालातल्या गालात हसले, हीसुद्धा हसली. पण रात्री पाहते तो काय, आईच्या मोबाइलवर हिचीच फजिती! कुणीतरी कॅमेऱ्यातलं चित्रण काढून सगळ्या बिऱ्हाडांना पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी स्कूलबसमध्ये तिचं नाव पडलं 'बेडकी'. ते अजून सुटलेलं नाही.

ती विचारते, "आवारात मला कुणीही बघू शकतं. काका हसले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मग कॅमेऱ्याचाच एवढा राग का आला?"

खरं सांगू? माझा चहा गार झाला या प्रश्नापायी.

हे बघ, काकांनी तुला पाहिलं तेव्हा तूही त्यांना पाहिलंस. शिवाय चार दिवसांनी ते विसरूनही जाणार. कॅमेऱ्यामागे कोण बसलंय ते मात्र तुला दिसत नाही. त्याच्या वायरी जातात एका पेटीत. पेटीतल्या डिस्कवर चित्रण साठत राहतं आणि डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं येतं. पण पुसलं जाण्याआधी कुणी ते काढून घेतलं, तर तू एकदाच पडलीस तरी लोक तुला शंभरदा पडताना बघणार!

आता कॅमेऱ्यांना नुसती नावं ठेवायची नाहीत हं. मुंबईवर नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं आणि २०१६ मध्ये ते सुरू झालं. साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे! चोर शोधायला, अपघात कसा झाला ते समजायला त्यांचा उपयोग होतो.

मग घराबाहेर पडताना आपलं खासगीपण उंबऱ्याशी ठेवून निघायचं का? याचं उत्तर मिळालं एका आजोबांमुळे. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, ते आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे आणि केवळ चारचौघांत आलो म्हणून तो संपत नाही. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, खरंखुरं कारण हवं आणि तेही गरजेपुरतंच. निकाल प्रामुख्याने सरकारसाठी होता खरा, पण ही कसोटी सोसायटीला लावून बघायला काय हरकत आहे? चोर पकडायला लावलेल्या कॅमेऱ्यात डबक्यातली मुलगी कुठे बसते, सांगा बरं!

शाळेचंही असंच. जुलै २०१९ मध्ये दिल्ली सरकारने आपल्या शाळांच्या वर्गांत कॅमेरे बसवायला सुरुवात केली. पालकांना मोबाइलवर वर्ग थेट दिसावा, अशी योजना होती. ऐकायला छान वाटतं ना? पण बाबांच्या मोबाइलवर तुम्ही एकटे थोडेच दिसणार! बाकावरची बाकी सगळी मुलंही दिसणार, आणि त्यांच्या आईबाबांनी तुमच्या बाबांना कधी परवानगी दिली होती? हा वाद पुढे न्यायालयातही गेला.

आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला आणि राज्य सरकारने शाळांत कॅमेरे सक्तीचे केले. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासायचं, असंही ठरवून दिलं. म्हणजे बघायचं कुणी, हे निदान ठरलं. (आईबाबा, तुमच्याही शाळेत आणि सोसायटीत ते ठरलंय का, जरा विचारा की!) आणि हो, स्वच्छतागृहात किंवा कपडे बदलायच्या खोलीत कॅमेऱ्यासारखं काही दिसलं, तर गप्प बसायचं नाही. लगेच घरी सांगायचं, नाहीतर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करायचा.

तर मैत्रिणी, तुझा राग अगदी रास्त आहे. आईला घेऊन सेक्रेटरीकाकांकडे जा. ती पेटी कुठे असते, तिचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, चित्रण किती दिवस राहतं आणि ते बाहेर द्यायचं कुणाला विचारून, एवढं नीट लिहून मागा. सगळ्यांच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ काढून टाकायलाही सांगा. काका काय म्हणतात ते मला कळव. नाव याही वेळी छापणार नाही!