व्यायामाच्या मात्रेत गतीचाही उल्लेख हवा

वसईजवळच्या निर्मळ येथे चिकित्सा करीत असताना वाडीत राबणारे आणि व्यायामशाळेत जाणारे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. उच्च रक्तदाब असलेल्या पन्नाशीच्या एका गृहस्थांस मी लिहून दिले होते, ‘वजन निम्मे करावे, सावकाश उचलावे.’ पंधरा दिवसांनी ते म्हणाले, “डॉक्टर, वजन निम्मं झालं, पण जीव मेटाकुटीला येतो. डोकंही जड होतं.” चौकशीअंती कळले की, ते दहा आकडे मोजत वजन वर नेत आणि तोवर श्वास रोखून धरीत. दोष त्यांचा नव्हता, माझ्या अपुऱ्या सूचनेचा होता.

एका आवर्तनास ४ सेकंद लागले, तर १० आवर्तने ४० सेकंदांत होतात. १५ सेकंद लागले, तर तीच १० आवर्तने १५० सेकंद चालतात. वजन तेच, संख्या तीच. परंतु स्नायूंस ते कितीतरी अधिक काळ पेलावे लागते आणि श्रम अधिक जाणवतात. याउलट झटक्याने उचलल्यास वेगाचा आधार मिळून श्रम कमी भासतात, पण सांध्यांवर अवाजवी ताण येतो. ‘सावकाश’ म्हणजे ‘सौम्य’ नव्हे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

जाणवणारा श्रम मोजण्यासाठी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अंकांची श्रेणी मांडली. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, २४व्या अध्यायात, हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे हे बलार्धाचे लक्षण सांगितले आहे. म्हणजे रुग्णाची स्वतःची अवस्था हेच प्रमाण. मात्र श्वास रोखला की हे लक्षणच झाकले जाते आणि त्याच वेळी रक्तदाब वाढतो. अर्धशक्ती केव्हाच ओलांडली गेली, तरी रुग्णास ते उमगत नाही.

चरकाचार्यांनी व्यायाम मात्रेनेच करावा असे सांगितले आहे. औषधाची मात्रा लिहिताना आपण काल आणि अनुपान विसरत नाही. मग व्यायाम लिहिताना केवळ वजन व संख्या लिहून का थांबावे? नवशिक्यास साधारण दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली, उचलताना उच्छ्वास आणि तोंडाने श्वास घ्यावा लागताच विश्रांती, एवढे चार शब्द अधिक लिहावेत. रक्तदाबाच्या रुग्णाकडून पहिली आवर्तने आपल्यासमोर करवून घ्यावीत. वैद्यबंधुभगिनींनी याचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.