पहिले मोडलेले हाड




‘वय झाले की हाडे झिजायचीच’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. आईला आम्हीही हेच सांगत राहिलो. बासष्टाव्या वर्षी न्हाणीघरात घसरून तिचे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, आम्ही विसरलो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कोणी सुचवलीच नाही. सहा वर्षांनी खुबा मोडला, तेव्हा या तपासणीत घनतेचा टी-स्कोअर उणे ३.१ निघाला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि पहिली काही वर्षे हाडे फार वेगाने विरळ होतात. जपायचे ते तेव्हाच! त्यासाठी कॅल्शियम हवे; शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते. पण ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर हे कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. चालणे, जिने चढणेही हवेच. धाकट्या बहिणीची तपासणी आम्ही या महिन्यात करून घेतली.

– एक वाचक, सातारा