मुलांच्या संघटनेस भिऊ नका

पनवेल परिसरात नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनो,

मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला की घरातून त्यास पहिली ताकीद मिळते, ती संघटनेच्या नादी न लागण्याची. तिच्यामागील काळजी आम्ही जाणतो. पोटास चिमटा घेऊन तुम्ही त्याची फी भरता. परंतु आपल्यासाठी ज्यांनी महाविद्यालये उघडली, त्या बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांच्या संघटित जीवनाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा इतिहास एकदा तपासून पाहा.

मुंबईस १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची संसद भरत असे. ११ जानेवारी १९५० रोजी तिच्या अधिवेशनात देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब बोलले, ते हिंदू कोड बिलावर. विवाह, वारसा, स्त्रीचा मालमत्तेवरील हक्क हे ज्या प्रश्नांवर सारा देश भांडत होता, ते त्यांनी कोवळ्या वयाच्या मुलांपुढे मांडले. मुलांस काय कळते, असे ते म्हणाले नाहीत.

त्याच वर्षी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय निघाले. पुढे त्यास मिलिंदाचे नाव मिळाले व परिसर नागसेनवन झाला. राजाने निर्भयपणे प्रश्न विचारावा, भिक्खूने उत्तर द्यावे, ही शिकवण नावातच आहे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक तेथील विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या प्रसंगी नागपुरास ते अफाट जनसमुदायाने पाहिले.

संघटना स्थापण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने नागरिकास दिला आहे. तरी २०१५ साली मद्रासच्या आय.आय.टी.मध्ये आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेण्यात आली. देशभर निषेध झाला, तेव्हा काही दिवसांतच ती परत मिळाली. वकिलीच्या अनुभवावरून सांगतो, कायद्यातील हक्क आपल्या पायांनी घरी चालत येत नाही. तो मागणारे संघटित असावे लागतात.

म्हणून मुलास अडवू नका, त्यास विचारा. तुमच्या संघटनेत निवडणूक होते काय? वर्गणीचा हिशेब सर्वांपुढे ठेवला जातो काय? मुलींना व्यासपीठावर जागा आहे काय? विरुद्ध मत ऐकून घेतले जाते काय? उत्तर होकारार्थी आले तर त्यास खुशाल जाऊ द्या. नकारार्थी आले, तरीही घरी बसवू नका. हेच प्रश्न तेथे उभे राहून विचारण्यास त्यास पाठवा.